दौलताबाद ते कन्नड, एकाच घरात

दोन हजार तेवीस साल. मला एकाहत्तरावं चालू होतं, आणि माझा टेम्पो, माझे दात आणि माझं तोंड ही तिन्ही अजून माझीच होती. हे आधीच सांगून ठेवतो. मी लिहायला बसलो की घरातले म्हणतात, तिसरी शिकलेला माणूस काय लिहिणार? तिसरी शिकलो ते खरं. पण डोळे काय शाळेत मिळत नाहीत.

ज्यांच्याबद्दल लिहितोय ते आमचे घरमालक. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. गल्ली त्यांना कंडक्टर म्हणायची, मी मालक म्हणायचो, आणि ते मला डायव्हर म्हणायचे. क्रांती चौकाच्या मागच्या अंगाला त्यांचं बैठं घर. पुढच्या तीन खोल्या त्यांच्या, मागच्या दोनांत भाड्यानं मी आणि माझी बायको. अख्खी नोकरी त्यांनी एसटीत काढली, बहुतेक कन्नडच्या गाडीवर. रिटायर झाले, खाकी उतरवली, पण गाडीतून काही उतरले नाहीत. म्हणजे कसं, ते सांगतो.

मालक काही टाकत नसत. काही म्हणजे काहीच. तेलाचे रिकामे डबे, मोडक्या छत्र्या, एका पायाच्या चपला, कान तुटलेले कप, लग्नाच्या पत्रिका. कुणी काही टाकायला निघालं की हे दारात उभे. "असू द्या, लागतंय." जुनी कॅलेंडरं ठेवली होती गठ्ठ्यानं. मी एकदा म्हणलं, मालक, गेलेलं साल परत येतं का? म्हणाले, "साल येत नाय, पण वार-तारीख जुळती. कधी ना कधी जुळतीच." यावर काय बोलणार?

आणि हे सगळं कुठं ठेवायचं, तर कन्नडच्या गाडीच्या रस्त्याप्रमाणं, एकेका गावाच्या नावानं. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला दौलताबाद. तो वर्तमानपत्रांचा ढीग, खाली रुंद, वर निमुळता, अगदी किल्ल्यासारखा. त्याच्या पुढं खुलताबाद, तिथं डबे आणि बरण्या. मधल्या खोलीत वेरूळ. ते सगळ्यात मोठं, आणि त्याच्या पोटात बिळं, हात घातला तर कोपरापर्यंत आत. आणि स्वैपाकघराच्या तोंडाशी कन्नड. मधून एका माणसापुरती वाट, तीसुद्धा आडवं होऊन. समोरासमोर दोघं आले तर एकानं रिव्हर्स घ्यायचा. माझी बायको एकदा चाळणी मागायला गेली, तर आतूनच आवाज आला, "वहिनी, खुलताबादला उतरा, डाव्या हाताला वर बघा, पण ओढू नका, ओढलं तर घाट कोसळंल!"

बाहेर मात्र माणूस असा, की कुणाला शंका येऊ नये. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, खिशात कंगवा. चहा आमच्या ओट्यावर प्यायचे. पाहुणा आला की दारातच गाठायचे, "चला, बाहेर वारं चांगलं सुटलंय," उन्हाळ्यात दुपारी बारालासुद्धा. झोपायला अर्धी खाट. अर्ध्या खाटेवर गोधड्यांची गाठोडी. पाय पोटाशी घेऊन झोपायचे. मी विचारलं तर म्हणाले, "पाय पसरायला मी काय मेलो व्हय, डायव्हर?"

आता कुणी म्हणेल, तुम्हाला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण आमच्या गावात नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा. प्रत्येकाच्या घरात ड्रम, हंडे, टाक्या, बादल्या. देवाजवळ बादली, पलंगाखाली घागरी. ज्या गावात सगळेच साठवतात तिथं कोण कुणाला म्हणणार की तुझं जरा जास्त झालं? आम्ही म्हणायचो, कंडक्टर काटकसरी माणूस. बस्स. मालकीणबाई गेल्या त्याच्यामुळं हे झालं असंही लोक म्हणतात. मला पटत नाही. बाई होत्या तेव्हाही ढीग होताच. फक्त तेव्हा त्याला मागचं दार होतं. मालक बाजारात गेले की बाई गुपचूप एक पिशवी मागून काढून द्यायच्या. बाई गेल्या आणि मागचं दार बंद झालं, एवढंच.

मालकांना एकच पोरगी. कन्नडला दिलेली, घर शेतकऱ्याचं, जावई कारखान्यावर नोकरीला. त्या साली तिला दिवस गेले. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणी ठरवावं लागत नाही. आई नाही म्हणून माझ्या बायकोनं आधीच सांगून टाकलं होतं, "डिंकाचे लाडू माझ्याकडं लागले. तू फक्त ये." मालक तर गल्लीभर सांगत फिरत होते. पण पोरीची खाट कुठं पडणार, हे कुणी विचारलं नव्हतं.

मग आला पाण्याचा दिवस. सकाळी नळ आला, गल्लीत मोटरी घरघरल्या, आणि मालकांच्या अंगणातला ड्रम भरून वाहायला लागला. पाणी पायरीवरून रस्त्यावर. आता पाणी वाहताना आमच्या गल्लीतला माणूस काय करतो? बादली आणतो. माझी बायको धावली, समोरची धावली, कोपऱ्यावरचा किराणावाला दुकान टाकून दोन कॅन घेऊन धावला. तासभर सगळ्यांनी मालकांच्या पाण्यावर भांडी भरली, हसत खिदळत. आणि मग माझी बायको बादली खाली ठेवून म्हणाली, "अवो, पण मालक वरडले कसे नाहीत?"

थेंब सांडला तर रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं वरडणारा माणूस.

मी आत शिरलो. आडवा होऊन दौलताबादपर्यंत गेलो आणि पुढं वाटच नव्हती. खुलताबादचा घाट कोसळला होता. डब्यांच्या खाली मालक. एक हात बाहेर, कंगवा खिशात तसाच, केस बसलेले. मला बघून म्हणाले, "ब्रेकडाऊन हाय. मागच्या गाडीनं या."

"मालक, लागलं का?"

"पाय अडकलाय. नळ बंद केला का कुणी?"

"नाही."

"मग आधी नळ बंद करा, मग मला काढा."

चौघांनी मिळून काढलं. पाय मुरगळला होता, मोडला नव्हता. पण हे कन्नडला कळलं. दोन दिवसांनी पोरगी आली, सहावा संपत आलेला, हळूहळू चालत. दारातून आत बघितलं. रागावली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, माझी खाट कुठं टाकायची?"

"टाकू की. कन्नडच्या पुढं."

"कन्नडच्या पुढं घाट हाय बाबा. मी घाटात बाळंत होऊ का?"

मग तिनं खरं सांगितलं. तिच्या सासूनं निरोप दिला होता: घर बघितल्याशिवाय सुनेला बाळंतपणाला पाठवणार नाही. बाळंतीण पडली, लेकरावर काही कोसळलं तर जबाबदार कोण? सासूबाईंच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, नाहीतर त्या स्वतःच आल्या असत्या. आणि खरं सांगायचं तर त्यांचं काय चुकलं होतं?

आता माझा स्वभाव. मला एखादं काम दिसलं की मी ते करून टाकतो, विचारत बसत नाही. मालक पायाला पट्टी बांधून घ्यायला दवाखान्यात गेले, जावई कन्नडहून आलेले होते, मी टेम्पो दाराला लावला. दोघांनी खुलताबाद आणि अर्धं वेरूळ भरलं आणि भंगारवाल्याकडं नेऊन ओतलं. घरात उजेड आला हो! भिंतीचा रंग कळला, पिस्ता होता. मला वाटलं मालक खूश होतील, निदान थोडं वरडतील आणि मग खूश होतील.

मालक आले, आत बघितलं. वळले आणि लंगडत चालायला लागले. संध्याकाळी भंगारवाला स्वतः माझ्याकडं. "चचा, तुम्हारे मालक कू ले के जाव. दोपहर से मेरी दुकान में डब्बेपे बैठे. गिराइक आया तो बोलते, ये विकाऊ नै. मेरीच दुकान में मेरेकूच माल नै बेचने देरे!"

मी गेलो. मालक खरंच डब्यांच्या मधोमध बसलेले. मी म्हणलं, चला. ते म्हणाले, "गाडी भरल्याशिवाय सुटत नाय." मग काय, सगळं परत भरलं. घरी आल्यावर त्यांनी सगळा माल जागच्या जागी लावला, आणि खुलताबाद पहिल्यापेक्षा उंच झालं. माझ्याशी आठवडाभर बोलणं बंद. मी चुकलो असं मी आजही म्हणत नाही. पण उपाय चुकला, हे दिसलं.

मग कन्नडला परत गेलेल्या पोरीनं शोधून काढलं, सरकारी दवाखान्यात मनाची डॉक्टर असते. मी फोनवर म्हणलं, पोरी, तुझा बाप येडा नाही. ती म्हणाली, "येडा असता तर दवाखान्यात कशाला नेला असता काका, इलेक्शनला उभा केला असता." पण मालक तयार होईनात. पोरगी रोज फोन करायची आणि एकच विचारायची, "बाबा, मग मी कुठं येऊ?" चौथ्या-पाचव्या दिवशी मालक मला दारात उभं राहून म्हणाले, "डायव्हर, टेम्पो काढा. माल नाय. मीच हाय."

डॉक्टरीणबाई एवढीशी, आमच्या टेम्पोच्या वयाची. मला वाटलं आता विचारेल, एवढं कशाला साठवता? तिनं विचारलं, "काका, शेवटचं पाय पसरून कधी झोपलात?"

मालकांनी खिशातला कंगवा काढला, परत ठेवला. मग म्हणाले, "आठवत नाय, बाई."

ती म्हणाली, हा आजार आहे. आळस नाही, कंजूषपणा नाही, खूप जणांना होतो आणि सगळे जण तुमच्यासारखे पाहुण्याला दारातच गाठतात. यावर मालकांनी मान वर केली, जणू बाईनं त्यांच्या घराला कडेनं खिडकी पाडून आत बघितलं. मग तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "टेम्पो घेऊन गेलेले तुम्हीच का?"

"हो. मीच."

"आता त्यांना विचारल्याशिवाय एका डब्यालाही हात लावायचा नाही. तुम्ही फक्त पोतं धरायचं."

"बाई, मी आयुष्यभर स्टेअरिंग धरलंय."

"मग पोतं जमेल," ती म्हणाली. ही बया मला तिथंच आवडली.

तिनं सांगितलं, सगळं घर डोक्यात आणू नका. दार, चूल, मोरी आणि एका खाटेची जागा. बाकी नंतर, महिने लागले तरी चालतील. आणि काका स्वतःच प्रत्येक वस्तू हातात घेऊन ठरवतील. "लागतंय" म्हणायला हरकत नाही, पण पुढं सांगायचं, कशाला आणि कधी. दर बुधवारी येऊन बोलायचं.

झालं, आमची गाडी सुरू झाली. रोज दुपारी मालक स्टुलावर, मी समोर पोतं धरून, माझी बायको दारात, भांडण लागलं तर सोडवायला. मालक एक वस्तू उचलणार, उलटीपालटी करणार.

"असू द्या, लागतंय."

"कशाला?"

"लागतंय."

"कधी?"

"डायव्हर, तुम्हाला लई प्रश्न पडायले आजकाल."

कधी एका दुपारी एक झारा जायचा, तोही दांडा नसलेला, आणि संध्याकाळी मालक पोत्यात हात घालून तो परत काढायचे. डॉक्टरीणबाई म्हणाली, काढू द्या. मला काढू देणं म्हणजे काय यातना! माझे हात शिवशिवायचे. मी हात मांडीखाली घेऊन बसायचो. बायको म्हणायची, "असंच लग्नात बसले असते तर फोटो चांगला आला असता." दोनदा मालकांनी आम्हाला हाकलून दिलं, एकदा पोत्यासकट. पण दुसऱ्या दुपारी स्टूल परत मांडलेलं असायचं. मीही गेलो नाही असं एकदाही झालं नाही. हट्टात मी त्यांना हार जाणार होतो होय?

खाटेची जागा होती ती वेरूळच्या खाली. मला मनातून वाटत होतं, या ढिगाच्या तळाशी काहीतरी असणार. बाईंचं लुगडं, जुनं दागिन्याचं डबडं, काहीतरी, ज्याच्यासाठी माणूस एवढा ढीग घालून बसलाय. तळ लागला. निघालं काय, दुधाच्या पिशव्या. धुतलेल्या, वाळवलेल्या, चार घड्या घातलेल्या, हजारानं असतील. बाकी काही नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. मालक म्हणाले, "काय बघता? मलाबी वाटलं व्हतं काहीतरी असंल."

आणि त्या पिशव्यांनीच घाम काढला. डबे गेले, छत्र्या गेल्या, पण पिशवी सुटेना. एक धरायचे, पोत्याच्या तोंडाशी न्यायचे, आणि बोटं उघडायची नाहीत. अंगठा आणि बोट, मधे एवढीशी प्लॅस्टिकची घडी. तेव्हा मला समजलं, की हे काय काटकसरीचं काम नव्हे. मी फक्त पोतं धरून ठेवलं. पहिली पिशवी पडली तेव्हा मालकांचे डोळे मिटलेले होते. मग दुसरी. मग पुढं ओंजळीनं.

पोरीला आठवा लागायच्या आत खाट बसली. मालकांनी स्वतः खालून पुसून घेतली, वर नवीन चादर. आणि त्याच संध्याकाळी कन्नडहून व्हिडिओ कॉल आला. फोन माझ्या बायकोचा, धरायला मी. पडद्यावर सासूबाई, शेजारी आमची पोरगी, तोंड एवढंसं झालेलं.

मी आधीच ठरवून उभा राहिलो होतो. खाट, मागं पिस्ता भिंत, भिंतीवर देव. बाकी काही दिसायला नको.

"खाट चांगली हाय," सासूबाई म्हणाल्या. "आता फोन जरा फिरवा, भाऊ."

"माझा हात आखडलाय."

"मग दुसऱ्या हातात घ्या."

बायकोनं पदर तोंडाशी धरला. पोरीनं तिकडं मान खाली घातली. दौलताबाद अजून पुरा उभा होता. खुलताबाद अर्धं. एवढ्या दुपारींचं पोतं धरणं आता एका फोन फिरवण्यात जाणार, हे मला दिसत होतं. तेवढ्यात मालकांनी माझ्या हातातून फोन घेतला. आणि स्वतःच फिरवला.

"विहीणबाई, हे बघा. हे वर्तमानपत्रांचं हाय, याला अजून हात लागला नाय. हे डब्याचं, अर्धं झालंय. मला सामान टाकता येत नाय. आजार हाय तो. बुधवारी बुधवारी डाक्टरीणबाईकडं जातो. दार, चूल, मोरी आन् खाट, एवढं मोकळं झालंय. बाकीचं कधी व्हईल, मी सांगू शकत नाय, खोटं कशाला बोलू? पण माझी पोरगी इथं अडखळणार नाय. पटलं तर बघा."

या माणसानं कधी पाहुण्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं.

सासूबाईंनी विचारलं, "खाटेवरून मोरीला जाताना मधी काय हाय?"

"काय नाय."

"चालून दाखवा."

मालकांनी फोन माझ्याकडं दिला. खाटेपासून निघाले, दोन्ही हात बाजूला पसरून, पाखरासारखे, आणि हात कुठं न टेकवता मोरीपर्यंत गेले. तिथून परत आले. तसेच. मी फोन धरून मागं मागं.

"या उद्या घ्यायला," सासूबाई म्हणाल्या. "सकाळच्या गाडीनं. आन् वहिनींना संगं आणा, ओटी भरायला बाईमाणूस पायजे." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "व्याही, तुमचे जावई इथं गोठ्यात जुने टायर साठवत्यात. त्या डाक्टरीणबाईचा वार कोणता म्हणलात?"

पोरगी हसत होती की रडत होती, फोनवर नीट कळलं नाही. माझी बायको मात्र तिथंच उंबऱ्यावर बसून मालकांकडं लाडवांचं भांडं मागायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं स्टँडवर. कन्नडच्या गाडीला ही गर्दी. गाडी लागायच्या आत मी पळत गेलो, एकाहत्तराव्या वर्षी, आणि खिडकीतून दोन रुमाल आत टाकून जागा धरल्या. मग आठवलं की मागं मालक उभे आहेत, आणि या माणसानं अख्ख्या नोकरीत असे टाकलेले रुमाल उचलून बाहेर भिरकावलेत. मी बोलणी खायला तयार होऊन वळलो.

मालकांनी खिडकीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं.

"दोनच? आपण तिघं हाव, डायव्हर."

तिसरा रुमाल नव्हता. मी डोक्यावरची टोपी काढली आणि तीही आत टाकली.